पगारपत्रक आणि पेंग्विन

लिनक्सवर काय काय मिळतं हे सांगायला आम्ही सॉफ्टवेअरवाले एका पायावर तयार असतो. ब्राउझर घ्या, ऑफिस घ्या, फोटो सुधारायला गिंप घ्या, व्हिडिओ बघायला व्हीएलसी घ्या, तेही एक पैसा न देता. पण एखाद्या छोट्या धंदेवाल्याने सरळ विचारलं, "माझ्या वीस-पंचवीस माणसांचा पगार काढून देईल का रे तुझं लिनक्स?" की आमची गाडी जरा अडखळते. उत्तर 'हो' असंच आहे. पण हे 'हो' म्हणण्याआधी बरंच काही समजून घ्यावं लागतं. गेल्या काही महिन्यांत ते समजून घेतलं, म्हणून हा शनिवारचा लेख.

प्रश्न माझ्या मामाचा. भोसरी एमआयडीसीत त्याचं छोटं वर्कशॉप आहे. लेथ, दोन व्हीएमसी, जॉबवर्क, आणि 23 माणसं. ऑफिसात तीन कॉम्प्युटर. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि मामाची तिन्ही यंत्रं विंडोज 11 च्या अटीत बसेनात. मामाचं म्हणणं साधं होतं. त्याच्याकडचा एक लेथ तीस वर्षांचा आहे आणि अजून नीट चालतो, मग दहा वर्षांचा कॉम्प्युटर भंगारात का द्यायचा? मुद्दा बिनतोड होता. आम्ही तिन्ही यंत्रांसाठी लिनक्स मिंट ठरवलं. ईमेल, बिलं, ड्रॉइंगच्या पीडीएफ, प्रिंटर, सगळं एका रविवारात लागलं.

राहिला तो पगार. पगाराचा प्रोग्रॅम फार पूर्वी कुणा स्थानिक माणसाकडून करून घेतलेला. फक्त विंडोजवर चालणारा, मागे यूएसबीचं डोंगल लावलं तरच उघडणारा. ज्याने तो बनवला तो आता फोन उचलत नाही. त्यामुळे दोन यंत्रांवर मिंट टाकलं, आणि तिसऱ्याची इंटरनेटची वायर काढून ते तात्पुरतं पगारासाठी विंडोजवरच ठेवलं.

आता गंमत बघा. पेरोल आणि लिनक्स हे दोन शब्द एकत्र शोधले की जे सापडतं त्यातलं बरंचसं अमेरिकेतलं. फेडरल टॅक्स, राज्याचा टॅक्स, वर्षाअखेरचा डब्ल्यू-2 फॉर्म. ते त्यांच्या जागी उत्तमच असेल, पण आपल्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. कारण पगार काढणं म्हणजे हजेरीला दराने गुणणं नव्हे. तेवढंच असतं तर कॅल्क्युलेटर पुरला असता. गुणाकार सगळ्या जगात सारखा असतो, वजाबाकी मात्र प्रत्येक राज्याची वेगळी.

साधं उदाहरण व्यवसाय कराचं, म्हणजे आपल्या बोलीतल्या पीटीचं. महाराष्ट्रात 10,000 च्या वर पगार असलेल्या पुरुषाचे महिन्याला 200 रुपये कापायचे. फेब्रुवारीत मात्र 300. का? तर राज्यघटनेच्या 276 व्या कलमाने या करावर वर्षाला 2,500 रुपयांची मर्यादा घातली आहे. 200 गुणिले 12 होतात 2,400. उरलेले 100 फेब्रुवारीत वसूल. पुरुषांना 7,501 ते 10,000 मध्ये 175, त्याखाली शून्य. आणि स्त्रियांना 1 एप्रिल 2023 पासून 25,000 पर्यंत काहीच नाही. म्हणजे एका क्षुल्लक कपातीसाठी सॉफ्टवेअरला राज्य, महिना, पगार आणि माणूस स्त्री की पुरुष, इतकं सगळं माहीत पाहिजे. कॅलिफोर्नियात बसून कुणी हे आपल्यासाठी लिहून ठेवेल ही अपेक्षा जरा जास्तच होईल.

मग पीएफ. सप्टेंबर 2014 मध्ये त्याची पगारमर्यादा 6,500 वरून 15,000 झाली. त्या 15,000 वर कामगाराचे 12 टक्के म्हणजे 1,800 रुपये. मालकाचेही 12 टक्के, पण त्यातले 8.33 टक्के, म्हणजे 1,249 रुपये 50 पैशांचे गोळाबेरीज 1,250, जातात पेन्शन योजनेत, आणि उरलेले 550 पीएफच्या खात्यात. इथे पूर्णांक करायचा तो जवळच्या रुपयाला.

ईएसआयचं पूर्णांक करणं वेगळं. जुलै 2019 पासून कामगाराचे 0.75 टक्के आणि मालकाचे 3.25 टक्के, आणि अपूर्णांक आला की पुढचा रुपया धरायचा. 16,430 रुपये पगार असेल तर 0.75 टक्क्यांचे होतात 123 रुपये 22 पैसे. शाळेत शिकल्याप्रमाणे 123 लिहिलेत तर चुकलं, 124 पाहिजेत. शिवाय जानेवारी 2017 मध्ये ठरलेली 21,000 ची मर्यादा कुणी मधल्याच महिन्यात ओलांडली तरी त्याची कपात लगेच थांबत नाही. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे दोन अर्धवार्षिक कालखंड असतात. चालू कालखंड संपेपर्यंत कपात चालू ठेवायची.

हे सगळं वाचून 'एक रुपयाने काय होतंय' असं वाटेल. रुपयाने फारसं काही होत नाही, पण दिवसांनी होतं. ईएसआयमध्ये आजारपणाचा भत्ता मिळायला त्या सहा महिन्यांत किमान 78 दिवसांचं अंशदान भरलेलं लागतं. फाइलमध्ये कुणाचे दिवस चुकीचे गेले, की त्याचा पत्ता त्या महिन्यात कुणालाच लागत नाही. तो लागतो पुढे कधीतरी, तो माणूस पाय मोडून घरी पडलेला असताना. तेव्हा धावाधाव करायची पाळी त्याच्या बायकोवर येते.

आता पर्याय. मी जे जे बघितलं ते क्रमाने सांगतो.

पहिला, जुना प्रोग्रॅम वाइनमध्ये चालवणे. वाइन म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवायची सोय, 1993 पासून चालू असलेलं काम. प्रोग्रॅम उघडला, पण डोंगल काही दिसेना. आणि दिसलं असतं तरी ज्याला कुणी वाली नाही असा प्रोग्रॅम नव्या घरात आणून काय मिळवायचं होतं?

दुसरा, ग्नूकॅश. हिशेबासाठी फार चांगलं, मी स्वतः घरखर्चाला वापरतो. पण ते पगार काढत नाही. पगाराचा हिशेब बाहेर करा आणि आकडे इथे आणून नोंदवा, असा त्याचा सरळ मामला. आपल्याकडेच, भारतात तयार झालेलं जीएनयूखाताही मुळात जमाखर्चासाठी आणि जीएसटीसाठी.

तिसरा, लिबरऑफिस कॅल्क. पाच-सात माणसं असतील तर माझं मत आजही हेच की दुसरीकडे बघू नका. एक शीट हजेरीची, एक दरांची, एक पगाराची. अडचण दोन ठिकाणी येते. काही सरकारी फॉर्म मॅक्रो घातलेल्या एक्सेल शीटमध्ये येतात आणि ते मॅक्रो कॅल्कमध्ये जसेच्या तसे चालतील याची खात्री नसते. दुसरी अडचण माणसाची. भाच्याने बनवलेली शीट भाच्यालाच कळते. उद्या भाचा जर्मनीला गेला तर सात तारखेला पगार कोण काढणार? आणि सात तारीख ही काही मामाच्या मनाची गोष्ट नाही, पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत पगार द्यायचा असं कायदाच सांगतो.

चौथा, ब्राउझरमधून चालणाऱ्या सेवा. झोहो पेरोल आहे, ग्रेटएचआर आहे, आणखीही आहेत. तिथे लिनक्स की विंडोज हा प्रश्नच उरत नाही, आणि दर बदलले की बदल करणं त्यांचं काम. ज्यांच्याकडे कॉम्प्युटरचं बघणारं कुणीच नाही त्यांनी बिनधास्त हा रस्ता धरावा. आमच्या मामाला मात्र दरमहा माणशी पैसे देणं आणि सगळ्यांचे आधार, बँक खाती बाहेर ठेवणं, दोन्ही पटेना. एमआयडीसीतलं इंटरनेट पावसाळ्यात कधी बसेल सांगता येत नाही, हेही खरंच.

पाचवा, मुक्त स्रोत असलेली मोठी पॅकेजेस. ओडूमध्ये पगाराचा भाग आधी मोफत आवृत्तीत होता, नंतर तो सशुल्क आवृत्तीत गेला. मग आलो ईआरपीनेक्स्टकडे. हे काम मुंबईचं, रुषभ मेहता आणि त्यांच्या फ्रॅपे कंपनीचं. 2022 साली चौदाव्या आवृत्तीत त्यांनी पगार आणि मनुष्यबळाचा भाग वेगळा काढला, त्याचं नाव फ्रॅपे एचआर. जीपीएल परवाना, आणि सर्व्हरची मूळ जागाच लिनक्स. पगाराचा प्रत्येक घटक वेगळा लिहायचा, त्याला सूत्र द्यायचं, अट द्यायची, आणि मग त्यातून सगळ्यांच्या स्लिपा एकदम काढायच्या.

इथे थांबलो. ऑफिसातल्या त्यातल्या त्यात धडधाकट यंत्रावर डेबियन टाकून त्यावर फ्रॅपे एचआर बसवलं. बाकीची यंत्रं ब्राउझरमधून त्याला जोडली, ऑफिसच्या आतल्या नेटवर्कपुरतंच. मस्टरवरून हजेरी, खाडे, उचल, ओव्हरटाइम भरायचं काम ऑफिसातल्या बाईंचं. वीस वर्षं त्या हेच करत आल्यात. पीएफच्या पोर्टलला लागणारी फाइल साधी मजकुराची असते, दोन रकान्यांमध्ये #~# अशी खूण. ती काढायला एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ईएसआयची फाइल एक्सेल 97-2003 च्या साच्यात लागते, ती लिबरऑफिस करून देतं.

आणि मग सगळ्यात कंटाळवाणं काम. तीन महिने दोन्हीकडे पगार काढायचा, जुन्या प्रोग्रॅमवर आणि नव्यावर, आणि ओळ न् ओळ ताडून बघायची. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च 2026 निवडले, म्हणजे व्यवसाय कराचा फेब्रुवारी त्यात येतो.

पहिल्याच महिन्यात आकडे जुळेनात. ईएसआयमध्ये काही जणांचा एकेक रुपयाचा फरक. बाई म्हणाल्या, "ते नेहमीचंच आहे रे. पोर्टल जास्त मागतं, मी किरकोळ खर्चात टाकते." जुना प्रोग्रॅम जवळचा रुपया धरत होता, पुढचा नाही. म्हटलं ठीक, हे कळलं.

दुसरा फरक मात्र रुपयाचा नव्हता. तपासणी आणि पॅकिंगला चार बायका आहेत. चौघींच्याही नावापुढे जुना प्रोग्रॅम 200 रुपये व्यवसाय कर दाखवत होता आणि नवा शून्य. आधी वाटलं नव्यातच काहीतरी गोची असणार. सूत्र उघडून बघितलं तर ते बरोबर होतं. स्त्रियांना 25,000 पर्यंत माफी. जुन्या प्रोग्रॅममध्ये कुठेतरी आत 10,000 हा जुना आकडा बसलेला होता. तो बदलायचं एप्रिल 2023 मध्ये, पण बदलणारा तोवर गायब झालेला. बाईंना तो आकडा दिसतच नव्हता, दिसत होता फक्त निकाल. आणि कापलेला पैसा प्रामाणिकपणे दरमहा सरकारजमा होत होता, त्यामुळे कुठे काही अडलंही नाही.

हिशेब केला. 2023-24 चे 2,500, 2024-25 चे 2,500, आणि एप्रिल ते डिसेंबर 2025 चे 1,800. एकीचे 6,800. चौघींचे 27,200.

मी मामाला म्हटलं, "हे तसे सरकारकडे गेलेत, तुझ्याकडे नाहीत." मामा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "स्लिपवर माझ्या कंपनीचं नाव आहे ना? मग कापले मी." फेब्रुवारीच्या पगारात चौघींना पूर्ण रक्कम परत दिली, स्लिपवर वेगळी ओळ टाकून. सरकारकडून काही परत येतं का ते त्याचे सल्लागार बघतायत, पण बायकांना त्यासाठी थांबवायचं नाही हे मामाने तिथल्या तिथे ठरवलं.

या प्रकारानंतर माझं पगाराच्या सॉफ्टवेअरबद्दलचं मत बदललं. आधी मी विचारत होतो की अमुक सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतं का. आता विचारतो की यातला नियम मला वाचता येतो का. मुक्त सॉफ्टवेअरचा फायदा आपण नेहमी 'फुकट' या शब्दात सांगतो, आणि छोट्या धंद्याला ते भावतंही. पण मामाच्या ऑफिसात खरा उपयोग झाला तो असा की 25,000 हा आकडा आता पडद्यावर एका ओळीत दिसतो. बाईंनी त्याच्या शेजारी शेऱ्यात '1 एप्रिल 2023 पासून' असं लिहून ठेवलंय. तो जुना झाला तर त्या स्वतः विचारू शकतात. त्यांना प्रोग्रॅमिंग येत नाही, पण वाचता येतं, आणि एवढ्यासाठी तेवढं पुरतं.

अर्थात नियम वाचता आला म्हणजे तो आपोआप ताजा राहतो असं नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात वेतनाची व्याख्याच बदलली. मूळ पगार लहान ठेवून भत्ते फुगवायची आपल्याकडची जुनी पद्धत आहे. आता वगळायचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले की वरचा भाग वेतनातच धरायचा. हे कुठलंही सॉफ्टवेअर डाउनलोड केल्याबरोबर समजून घेत नाही. कुणीतरी बसून आपल्या पगाराच्या घटकांवर ते लावून बघावं लागतं. ब्राउझरमधली सेवा घेतली तर तुम्ही त्या माणसाचे पैसे देता. मुक्त सॉफ्टवेअर घेतलं तर तो माणूस तुम्हाला नेमावा लागतो. आमच्याकडे आता वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, कामगार कायद्याचे सल्लागार बाईंसोबत बसून दरांची यादी तपासतात. मी तिथे असायची गरज नाही, आणि असू नये हाच त्यातला मुद्दा.

एक छोटी गोष्ट राहिली. स्लिप मराठीत केली. सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट टाकला नाही तर पीडीएफमध्ये नुसते चौकोन छापून येतात, तेवढं लक्षात ठेवा. लोहित किंवा नोटो टाकला की काम झालं. 'हजर दिवस', 'खाडे', 'उचल वजा', 'तुमचा पीएफ', 'कंपनीने भरलेला पीएफ', 'हातात'. पहिल्या महिन्यात एका जुन्या टर्नरने बाईंना विचारलं, "हे कंपनी भरते ते पण माझंच का?" अठरा वर्षं तो तिथे आहे. स्लिप त्याला दर महिन्याला मिळत होती, इंग्रजीत.

तर तुमच्याही घरात असा एखादा मामा, काका किंवा मावशी असेल, आणि जुना कॉम्प्युटर वाचवायला ते तुम्हालाच गाठणार असतील, तर सॉफ्टवेअर कुठलं हे ठरवण्याआधी चार प्रश्न विचारा. दर बदलले की कोण बदलणार, त्या माणसाचं नाव काय? नियम पडद्यावर वाचता येतो का? सगळा डेटा उद्या साध्या फाइलमध्ये बाहेर काढता येईल का? आणि बॅकअप नुसता घेतलाय, की तो दुसऱ्या यंत्रावर परत उघडूनही बघितलाय? (या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण विषय बदलतात.) उत्तरं समाधानकारक असतील तर लिनक्स असो की आणखी काही, पगार निघतो. नसतील तर आधी जुन्या स्लिपा काढून बसा, विशेषतः बायकांच्या, आणि एप्रिल 2023 नंतरचा व्यवसाय कराचा रकाना बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

असो. बरंच लांबलं. सोमवारी सात तारीख आहे, बाई नव्या प्रोग्रॅमवर एकट्याने पगार काढणार आहेत.